नेखेला विकलेला मुलगा

जेरुसलेम, ११ जानेवारी १९७०

नेहेम्या,

तुझं पाकीट मिळालं. नाटकाची प्रत आणि पहिल्या प्रयोगाची दोन तिकिटं. येकुतिएलने ती तिकिटं दुकानात घड्याळांच्या काचेखाली लावून ठेवली आहेत. गिऱ्हाईक आलं की मुद्दाम तिथे बोट ठेवतो आणि म्हणतो, "माझा मेहुणा." तुझ्या चार कादंबऱ्या आल्या तेव्हा कुठे गेला होता हा अभिमान? एकीचंही दहावं पान त्याने उलटलं नाही. ते असू दे.

मी प्रत एका बैठकीत वाचली. चुलीवर कांदा करपला, कळलंसुद्धा नाही. तुझी माणसं आजवर संदेष्ट्यांसारखी बोलायची. चौथ्या कादंबरीतली ती मळ्यात राबणारी बाई आठवते? शेजारणीकडे मीठ मागायला तिला अर्धं पान लागलं. शेजारीण तेवढा वेळ थांबली कशी, हेच मला कळलं नव्हतं. आणि आता हा तुझा पाण्याची गाडी हाकणारा पोरगा! अठ्ठेचाळीसचा जेरुसलेमचा वेढा, गल्लीत तोफगोळे पडताहेत, आणि हा बायकांशी बादलीवरून हुज्जत घालतोय. मला वाटलं, माझा एल्कानाच स्वयंपाकघरात बोलतोय. कुठून आलं हे बोलणं, ते काय मला कळत नाही? दोन वर्षं दर शनिवारी तुझ्याकडे यायचा आणि तुझी पानं वाचून म्हणायचा, "मामा, असं कोणी बोलत नाही रे!" तू मान खाली घालून खोडायचास. पोरामुळे तुला भाषा सुटली. पोट धरून हसले मी.

मग तिसरा अंक वाचला.

अरे, तू त्याला मारलास! नाव तेच, वय तेच, तोंडातला शब्द न् शब्द तोच. माझा पोरगा सुएझ कालव्यावर आहे, नेहेम्या. पिछाडीला आहे, बटाटे सोलतो, सगळं खरं. तरी रेडिओवर बातम्या लागल्या की माझे हात थांबतात. आणि तू एक माणूस रंगमंचावर उभा करून आठवड्यातून चारदा ओरडायला लावणार, "एल्काना गेला हो!"

म्हण मला अडाणी. पण अशा गोष्टींना हसायचा हक्क तुला नाही. सहा वर्षांचा असताना तुला घटसर्प झाला होता. डॉक्टरने कोट चढवला होता निघायला. तेव्हा आईने तुझं झान्विल हे नाव बाजूला ठेवून आल्टर केलं. आल्टर म्हणजे म्हातारा. मृत्यूचा दूत पोराला न्यायला येईल, त्याला म्हातारा सापडेल, आणि तो चुकीचं घर समजून परत जाईल. तेवढ्यावर तिचं भागलं नाही. जिची सगळी पोरं जगली होती त्या नेखे मासेवालीला तिने तुला विकलं. तिच्या हातून एक नाणं घेतलं, आणि त्या दिवसापासून देवासमोर तू नेखेचा मुलगा. लग्नाआधी असं मूल घरच्यांनी परत विकत घ्यायचं असतं. तू लग्नच केलं नाहीस, तेव्हा कायद्याने तू अजून नेखेचाच! चेष्टा करतेय रे. पण जगलास की नाही? पुढे इकडे आल्यावर तू स्वतःच स्वतःला नेहेम्या कादार करून घेतलंस. म्हणजे नाव बदलणं तुला काही जड नाही.

प्रायश्चित्ताच्या दिवसाआधी मी एल्कानाच्या डोक्यावरून कोंबडा फिरवला. "हा तुझ्या बदली, हा तुझ्या जागी." तर तो विचारतो, "आई, कोंबड्याला विचारलंस का?" तुझाच भाचा.

नाव बदल. एवढंच मागते. दुसरं काहीही ठेव.

बाशा

*

तेल अवीव, १६ जानेवारी १९७०

ताई,

मृत्यूचा दूत नाटकांच्या जाहिराती वाचत नाही. वाचत असता तर आमचे दोन-तीन समीक्षक त्याने कधीच उचलले असते.

आता नीट सांगतो, रागावू नकोस. मी चौपन्न वर्षांचा आहे. आधी संत्र्यांच्या बागेत खणलं, मग वर्तमानपत्रात लोकांच्या चुका तपासल्या, मग पोटासाठी दुसऱ्याच्या नावाने खुनाच्या रहस्यकथा भाषांतरित केल्या. चार कादंबऱ्या लिहिल्या. दुसरीच्या न खपलेल्या प्रती प्रकाशकाने घरी पाठवल्या, त्यांच्यावर फळी टाकून मी झोपतो. मऊ नाहीत. एका शहाण्याने छापलं होतं, "कादार यांचं हिब्रू निर्दोष आहे, मृतांचं असतं तसं." खरंच होतं ते. मी ही भाषा पुस्तकातून शिकलो. हिच्यात मला कोणी अंगाई म्हटली नाही, कोणी शिवी दिली नाही. तुझ्या पोराने मला शिवी कशी द्यायची ते शिकवलं. आणि आता एक मोठं थिएटर माझं नाटक करतंय, आयुष्यात पहिल्यांदा.

पण नाव त्याचं नाही, ताई. नाव बाबांचं आहे. एल्काना टेपर, बियालिस्तोकचा कुंभार. त्यांना नाझींनी प्रार्थनामंदिरात कोंडून जाळलं. थडगं नाही, वर खडा ठेवायला दगड नाही. तुला अडतिसाव्या वर्षी मुलगा झाला, तू बाबांचं नाव ठेवलंस. मी त्या दिवशी तुझ्या खाटेशी रडलो होतो, आठवतं? मला मूल नाही. होणारही नाही. मला जे झालं ते हे नाटक. त्याला मीही बापाचं नाव ठेवलं. तुझा हक्क, आणि माझा नाही?

नाव राहील. पहिल्या प्रयोगाला निळा पोशाख घालून ये.

तुझा
नेहेम्या

*

जेरुसलेम, २० जानेवारी १९७०

तिकिटं परत पाठवली आहेत.

बापाचं नाव ठेवलंस, बरं केलंस. मग त्याला जिवंत ठेवायला काय धाड भरली होती? मी ठेवला ना! वीस वर्षं ठेवला. गोवर काढला, मोडलेला हात काढला, नापास झाला ते वर्ष काढलं. मी नाव दिलं ते जगवायला. तू दिलंस ते तिसऱ्या अंकात मारायला. आणि वर म्हणतोस सारखाच हक्क.

एल्कानाला मी सगळं लिहिलंय. त्याचं तरी ऐक.

बाशा

*

लष्करी टपाल, १ फेब्रुवारी १९७०

मामा,

आईचं तीन पानी पत्र आलं. तू मला ठार मारणार आहेस असं कळलं. अभिनंदन! शेवटी तुझ्या पुस्तकात काहीतरी घडतंय.

इथे खंदकात सगळ्यांना सांगितलं. पोरं खूश आहेत, मला मरताना बघायला सगळे येणार म्हणतात. योस्का विचारतोय, प्रेताशी रडायला एखादी देखणी मुलगी आहे का? नसेल तर घाल.

नाव अजिबात बदलू नकोस. बदललंस तर ही पोरं म्हणतील, मामाने शेपूट घातली, आणि मला वर्षभर छळतील. तू एक कर. आईला लिहून टाक की बदललं. तिने तिकिटं परत केलीत, ती काही बघायला येत नाही. तिला झोप लागेल, तुझं नाटक तुला राहील, मला शांतता मिळेल.

दुसरं. हे फक्त तुला. मी आता बटाटे सोलत नाही. मागच्या महिन्यात आम्हाला पुढे हलवलं, पाण्याच्या अगदी काठावर. समोरचे इजिप्तचे सैनिक कपडे वाळत घालतात ते दिसतं. एकाची हिरवी बनियन आहे, ती रोज असते. आईला बटाट्यांचंच सांगतोय. तुला शपथ आहे, तोंड उघडलंस तर.

आणि ते मरतानाचं भाषण काढून टाक. दीड पान, मामा! मातृभूमी काय, पहाट काय. मरताना असं कोणी बोलत नाही. परवा आमच्यातला एक गेला. त्याने विचारलं, "माझा बूट कुठाय?" बस. आम्ही सगळे खरंच बूट शोधत होतो.

सुट्टी मिळाली तर पहिल्या प्रयोगाला येतो. मेलेल्याला फुकट सोडतात ना?

एल्काना

*

तेल अवीव, ८ फेब्रुवारी १९७०

ताई,

नाव बदललं. तुझ्या मनासारखं झालं. पोरगा आता आल्टर आहे, आईने दिलेलं, तुझ्या खात्रीचं.

एल्कानाचं पत्र आलं होतं. मजेत आहे. जेवण वाईट आहे म्हणतो, म्हणजे त्यानेच केलेलं असणार.

आता तरी झोप. आणि तिकिटं ठेवून घे, पुन्हा पाठवतो आहे.

नेहेम्या

*

तेल अवीव, ९ फेब्रुवारी १९७०

बाळा,

तू मला तुझ्या आईशी खोटं बोलायला सांगितलंस. मी कागद घेऊन बसलो. वीस वर्षं खोटं लिहिण्यावर जगणारा माणूस, दोन ओळी त्या काय! पण "पाण्याच्या अगदी काठावर" एवढे शब्द डोळ्यांपुढून हलेनात. उठलो, थिएटरात गेलो आणि तालमीच्या प्रत्येक प्रतीत नाव खरोखरच बदलून घेतलं. त्सिल्ला, आमची दिग्दर्शिका, म्हणाली की म्हातारपणी लेखकांना असे झटके येतात. नटाने नुकतंच तुझं नाव तोंडात बसवलं होतं, तो माझ्याशी बोलत नाही.

आता आल्टर मरतो. ते माझं नाव. मी त्याच नावाने वाचलो होतो असं तुझी आई म्हणते. रोज कुणीतरी मरायचंच असेल तर मी मरतो, तू नाही. मी देव मानत नाही. प्रायश्चित्ताच्या दिवशी मी खिडकी लावून कॉफी पितो, तुला माहीत आहे. आणि तरी हे केलं. खुशाल सांग योस्काला, मामाने शेपूट घातली. नाटकाची छापील पत्रिका आधीच तयार झाली, तिच्यात एल्कानाच राहिलंय, तेवढी तुझी अब्रू वाचली.

भाषण काढलं. दीडच्या दीड पान. बूट ठेवला.

तोंड बंद ठेवायची तू घातलेली शपथ मी पाळतोय, आणि ते मला आवडत नाही. आईला खरं सांग, किंवा मला सांगू दे. डोकं खाली ठेव. तुझ्या बनियनवाल्याला माझा नमस्कार सांग, तोही कुणाचा तरी भाचा असेल.

मामा

*

जेरुसलेम, १५ मार्च १९७०

आल्टर,

एल्कानाच्या सुतकाचे सातही दिवस तू आमच्याकडे बुटक्या स्टुलावर बसून होतास, फाडलेल्या सदऱ्यात, आणि मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. तुला वाटलं असेल रागाने. राग नव्हता रे. तोंड उघडलं असतं तर हे निघालं असतं, आणि घर लोकांनी भरलेलं होतं.

तू माझं ऐकलंस. आयुष्यात एकदाच ऐकलंस, आणि ते हे.

सुतकात बसल्या बसल्या मला सगळं उमगलं. कोंबडा का फिरवतात? बदली म्हणून. दूताला एक एल्काना न्यायचा होता. तुझ्याकडे होता एक. कागदाचा. रोज मरायला तयार, मेल्यावर उठून तोंड धुऊन घरी जाणारा. तालमीतच त्याला घेऊन दूत निघून गेला असता. बाबांनीच पाठवलं असेल तुझ्या हातून ते नाव, नातवाला वाचवायला. आणि मी काय केलं? भांडले, तिकिटं फेकली, तुझ्या हातातला कोंबडा हिसकावून घेतला. मग एल्काना म्हणून उरला एकटा माझा. त्यालाच घेतलं.

अधिकारी आला होता, तो म्हणाला पाण्याच्या काठावर होता. मला बटाटे सांगत होता. मी दर आठवड्याला लिहायचे, सुरी जपून धर.

तुला बोल लावत नाही. हे मी केलं, माझ्या हाताने. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. नाटक चांगलं होऊ दे.

बाशा

नेहेम्या, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली लिहितो. ती खात नाही. पाणी तेवढं घेते. डॉक्टर झोपेच्या गोळ्या देऊन गेला, त्या ती घेत नाही, साठवते आहे. शिवणाच्या डब्यात सापडल्या. मी जागेवर तशाच ठेवल्या, नाहीतर दुसरीकडे लपवेल आणि मला कळणार नाही. मी समजावलं, शेजारच्या रब्बींनी समजावलं. ती म्हणते, "मी मारलं." मला घड्याळं दुरुस्त करता येतात. शब्दांचं काम तुझं. काहीतरी कर, आणि लवकर. – येकुतिएल

*

तेल अवीव, १८ मार्च १९७०

त्सिल्ला,

पोराचं नाव परत एल्काना कर. सगळ्या प्रतींत, सगळ्यांच्या तोंडात, पहिल्या प्रयोगाच्या आत. नट शिव्या देईल, देऊ दे.

तू म्हणालीस तसा झटका नाही हा. माझ्या घरचं कोणी कधी आलं आणि विचारलं, तर नाव पहिल्या तालमीपासून एल्कानाच होतं. मध्ये काहीही झालं नव्हतं. शिंप्यापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळ्यांना हे सांगून ठेव. तुझ्याकडे आजवर कधी काही मागितलं नाही. आता हात जोडून मागतो.

कादार

*

तेल अवीव, १८ मार्च १९७०

ताई,

मी नाव बदललंच नव्हतं.

तुला लिहिलं ते खोटं. सोबत एल्कानाचं पत्र आहे, त्याच्याच हातचं. वाच. तूच बघ, खोटं बोलायची युक्ती त्याने मला दिली. मी आनंदाने घेतली. चार कादंबऱ्या पडलेल्या, पहिलं नाटक, तिथे तुझ्या झोपेसाठी माझं काम बिघडवायचं? त्या पोराचं बोलणं आणि ते नाव एकमेकांना चिकटून आलं होतं. आल्टर म्हटलं की नाटक कोसळलं असतं. मी लेखक आहे, ताई. आम्ही असेच असतो. रोज तालमीत एल्कानाच मरत होता. छापील पत्रिका पाठवतोय, तीत बघ. ही गेल्या महिन्याच्या सुरुवातीलाच छापून झाली आहे.

तेव्हा तुझा कोंबडा कुणी हिसकावला नव्हता. तो होता तिथेच, सगळा वेळ. दूताने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पहिल्या पत्रात तू म्हणाली होतीस तेच बरोबर होतं. जिवंत माणसाचं नाव मरणाऱ्याला देऊ नये. तू हात जोडलेस, मी हसलो. शिवाय तो पाण्याच्या काठावर आहे हे मला माहीत होतं, महिनाभर, आणि मी तुला सांगितलं नाही. तेही पत्रात आहे. कुणी काही केलं असेल तर ते मी. तू सगळं केलंस, जे आईने केलं असतं ते सगळं.

मी त्याला लिहिलेलं एक पत्र परवा लष्कराकडून परत आलं, महिनाभर टपालात फिरून, न उघडलेलं. त्यात विशेष काही नव्हतं.

नेहेम्या

*

जेरुसलेम, ३ मे १९७०

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पहिल्यांदा ओरडले. येकुतिएल म्हणतो, खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. तुझा एकुलता एक फोटो होता, झान्विल असतानाचा, नेखेच्या टोपलीशेजारी उभा. तो फाडला. मग पत्रिका फाडली. एल्कानाचं पत्र फाडलं नाही, ते माझ्या उशीत आहे. "कोंबड्याला विचारलंस का" म्हणणारा पोरगा तो. त्याला काय कळतं! त्याने पोरासारखं लिहिलं. तू काय पोर होतास?

तरी मला खात्री करून घ्यायची होती. येकुतिएलला पाठवलं. तो वल्हांडणाच्या सणाआधी एकटाच तेल अवीवला गेला, ते तिकीट घेऊन. नाव तेच होतं म्हणाला. नंतर दारावरच्या माणसाला विचारलं, आधी काही दुसरं नाव होतं का. तो म्हणाला, नाही हो, पहिल्यापासून एल्कानाच. म्हणजे खरंच होतं. येकुतिएल म्हणतो, पोरगा बूट कुठाय विचारतो तेव्हा लोक हसतात, आणि मग कोणीच हसत नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात म्हणे. तुझं नाव झालं. घे.

मी आता रोज सकाळी उठते आणि आधी तुला शाप देते. मोठ्याने, खिडकीशी. मग भूक लागते. वल्हांडणाच्या जेवणाला त्याची खुर्ची मांडली, काढली, पुन्हा मांडली. सूप प्यायले. गोळ्या येकुतिएलने मोरीत ओतल्या, मी बघत होते. त्या आता लागत नाहीत. मला वाटलं होतं मी माझं पोर मारलं. तसं वाटून माणूस जगू शकत नाही. तू मारलंस, असं असेल तर जगता येतं. जगतेय.

आईने तुला विकलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. दारात उभी होते. नेखेने तुला कडेवर घेतलं आणि तुझ्या तोंडावर माशाचे खवले लागले, म्हणून तू रडलास. आई मला म्हणाली, "मी नसले तर तू ह्याला परत घे हं." मी हो म्हटलं होतं. इतकी वर्षं तुझ्या लग्नाची वाट बघितली, नाणंसुद्धा बाजूला ठेवलं होतं, कपाटात, मेणबत्त्यांच्या मागे. तुला कधी सांगितलं नाही. ते काल मी प्रार्थनामंदिराच्या दानपेटीत टाकलं.

तू नेखेचाच राहा. तू आमचा नव्हतासच.

एल्कानाच्या थडग्यावर दगड बसवतील तेव्हा येऊ नकोस. उत्तर पाठवू नकोस.

बाशा